वॉर्डातल्या कामांची यादी शाश्वत विकास उद्दिष्टांना जोडायची आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घाटकोपरला आमचा रहिवाशांचा एक गट आहे. ओला-सुका कचरा वेगळा करण्यापासून सुरुवात झाली, आता वॉर्ड ऑफिसला पुढच्या वर्षाच्या कामांची यादी द्यायची आहे. पालिकेचं बजेट फेब्रुवारीत येतं, म्हणजे मागण्या दिवाळीच्या सुमारास पोचलेल्या बऱ्या. यंदा गटातली तरुण मंडळी हट्ट धरून बसलीत की यादी शाश्वत विकास उद्दिष्टांना (संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेली, SDG) जोडून द्यायची. कल्पना चांगलीच आहे. पण मसुद्यात जुनीच कामं, फक्त शेवटी एक रकाना वाढलाय. पेव्हर ब्लॉक? उद्दिष्ट 11 (शहरं). गटार? 6 (पाणी आणि स्वच्छता). बाकडी? तीही 11! 17 उद्दिष्टं आणि 169 लक्ष्यं म्हटल्यावर काहीही कुठेतरी बसतंच.

माझं म्हणणं, एकच काम घ्या आणि नीट मोजा. वस्तीतलं सार्वजनिक शौचालय घ्या. लक्ष्य 6.2 मध्ये महिला आणि मुलींच्या गरजांकडे विशेष लक्ष द्या असं स्पष्ट आहे. स्वच्छ भारतच्या निकषात सामुदायिक, म्हणजे अशा वस्तीतल्या शौचालयाला 25 महिलांमागे एक सीट आहे, पुरुषांना 35 मागे एक. आमच्याकडे महिलांच्या बाजूला एका सीटच्या दाराला कुलूप, आत झाडू आणि फिनेलचे कॅन. पाणी सकाळपुरतं. कागदावर मात्र सगळ्या सीट ‘उपलब्ध’. मग यादीत ‘शौचालय दुरुस्ती’ लिहायचं, की ‘रात्री दहानंतर पाणी आणि दिवा असलेल्या महिलांच्या सीट किती’ हा आकडा मागायचा?

अडतंय ते इथे:

लोकसंख्या कुठली धरायची? हाताशी 2011 ची जनगणना आहे, प्रभागांच्या हद्दी त्यानंतर बदलल्या. आपणच घरं मोजली तर ते आकडे ऑफिसात ग्राह्य धरतात का?

दुसरं, पाणी एका खात्याकडे, सफाई दुसऱ्या, दुरुस्ती तिसऱ्या. एकाच सीटसाठी तीन पत्रं द्यायची, की वॉर्डाच्या सहायक आयुक्तांना एकच देऊन प्रती बाकीच्यांना?

भोपाळने 2023 मध्ये शहराचा स्वतःचा उद्दिष्ट-आढावा काढला, ग्रामपंचायतींच्या आराखड्यालाही नऊ संकल्पना ठरवून दिल्यात. तसं वॉर्डाच्या पातळीवर मुंबईत, ठाण्यात, पुण्यात कुणी केलंय का? तक्त्याचा नमुना असेल तर इथेच टाका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल.

आणि ‘माहिती अधिकारात मागा’ हे कृपया सुचवू नका, तो अर्ज कधीच टाकलाय.