मदत हवी आहे: अंगणवाडीचं छप्पर गळतंय, विहिरीचं पाणी अयोग्य निघालंय. पैसे कुणाकडे मागायचे?

सुरंगी (१५ जुलै २०२४)

नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट मिळतील.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठी. माझी मुलगी चार वर्षांची आहे, वाडीतल्या अंगणवाडीत जाते. अंगणवाडीची जुनी खोली होती, पण ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तिची कौलं, वासे सगळं गेलं. तेव्हापासून अंगणवाडी वाडीच्या समाजमंदिरात भरते. एकच खोली. एका कोपऱ्यात गॅस, दुसऱ्या कोपऱ्यात तांदूळ-डाळीची पिंपं आणि मधे बावीस मुलं. शौचालय आहे, पण मोठ्यांच्या मापाचं आणि आत नळ नाही. मुलं मागे पऱ्ह्याच्या (ओहोळाच्या) कडेला जातात.

परवा मी सकाळभर तिथे जाऊन बसले. पत्र्याच्या खिळ्यांतून तीन ठिकाणी धार लागलेली. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता ओल धरून सुटलाय, 'क' ते 'ङ' एवढीच ओळ चिकटून आहे, बाकीचा खाली लोंबतोय. पाऊस वाढला की सेविकाताई उठतात, बसायच्या पट्ट्या कोरड्या बाजूला ओढतात आणि मुलं सवयीने आपापली पाटी उचलून सरकतात. कुणी रडत नाही, कुणी विचारत नाही. त्यांच्या दृष्टीने शाळा म्हणजे अशीच असते. हे बघून मला घरी येईपर्यंत बोलवेना.

जूनच्या शेवटी आठ मुलांना जुलाब झाले. माझ्या मुलीलाही. आरोग्य सेविकेने विहिरीच्या पाण्याचा नमुना पाठवला, अहवाल आला 'पिण्यास अयोग्य'. विहीर जांभ्यात खोदलेली आहे, कठडा एका बाजूने खचलाय आणि पावसात वरचं पाणी सरळ आत उतरतं.

ग्रामपंचायतीत गेले तर म्हणाले, अंगणवाडी बालविकास प्रकल्पाची, आमच्याकडे निधी नाही. प्रकल्प कार्यालयात गेले तर म्हणाले, इमारत ग्रामपंचायतीची, त्यांना सांगा. या दोघांच्या मधे सेविकाताई स्वतःच्या मानधनातून फिनेल, खराटे आणि यंदा ताडपत्रीही आणतायत.

माझी खरी अडचण इथे आहे. लेखी तक्रार केली की पहिली नोटीस ताईंनाच जाणार: स्वच्छता का नाही, मुलं आजारी कशी पडली. ज्या बाईने चार वर्षं हे सगळं ओढलं तिच्यावरच शेकवायचं नाहीये मला. म्हणून विचारते, पैसे नेमके कुठल्या कुठल्या शीर्षाखाली येतात? आरोग्याचे कोणते नियम कुणी पाळायचे असतात? आणि अर्ज कसा लिहू, की तो योग्य टेबलावर जाईल?

खाजणकाठ

मी ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालोय, म्हणून पैशाचं तेवढं सांगतो.

ताई, दोन्ही कार्यालयांनी तुम्हाला अर्धं खरं सांगितलं. अंगणवाडी ही केंद्र आणि राज्याची मिळून योजना आहे. १९७५ सालच्या २ ऑक्टोबरला सुरू झाली, आता 'सक्षम अंगणवाडी व पोषण २.०' या नावाने चालते. आपल्या राज्यात सर्वसाधारण खर्च केंद्र ६० आणि राज्य ४०, पूरक आहाराचा खर्च निम्मा-निम्मा. आहाराचा दर मुलामागे दिवसाला ८ रुपये, तीव्र कुपोषित मुलासाठी १२ रुपये, वर्षाचे ३०० दिवस. हा पैसा ताटातच जायला हवा, त्यातून पत्रे बदलता येत नाहीत.

इमारतीचं खातं वेगळं. नवीन अंगणवाडी मनरेगाच्या अभिसरणातून, म्हणजे वेगवेगळ्या योजनांचे पैसे एकत्र करून, बांधतात. खर्चाची मर्यादा १२ लाख: ८ लाख मनरेगाचे, २ लाख पंधराव्या वित्त आयोगातून, २ लाख महिला व बालविकासचे. शिवाय शौचालयाला ३६ हजार आणि पिण्याच्या पाण्याला १७ हजार अशी तरतूद आहे. पूर्वी ती १२ आणि १० हजार होती.

आणि 'आमच्याकडे निधी नाही' हे मला पटत नाही. पंधराव्या वित्त आयोगाचा ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधलेला असतो. विहिरीचा कठडा, शौचालयाचा नळ त्यात बसतात. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के हिस्सा महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो, तो कुठे गेला ते ग्रामसभेत विचारायचा तुम्हाला हक्क आहे. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला १० हजारांपर्यंत अबंधित निधी येतो, म्हणजे ठराविक कामाला न बांधलेला. फिनेल आणि खराट्याचे पैसे ताईंच्या पर्समधून जायचं काही कारणच नाही.

अर्ज तक्रारीच्या भाषेत लिहू नका, मागणीच्या भाषेत लिहा. 'अमुक कामाचा ग्रामपंचायत विकास आराखड्यात समावेश करावा' असं. वाडीतल्या सगळ्या पालकांच्या सह्या घ्या आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव मांडा. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून सुरू होते, त्याआधी ठराव वहीत चढलेला हवा. प्रत गटविकास अधिकारी आणि बालविकास प्रकल्प अधिकारी दोघांना द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

मोगरी

मीही सेविका आहे, शेजारच्या जिल्ह्यात. तुमचं वाचून डोळे भरून आले. कुणीतरी आमचा विचार आधी केला.

अर्जात तुमच्या ताईंचं नाव न घालता जागेबद्दल लिहा. अंगणवाडीला किमान ६०० चौरस फूट जागा असावी, त्यात मुलांना बसायची खोली, वेगळं स्वयंपाकघर, साठवणीची खोली आणि लहान मुलांच्या मापाचं शौचालय असावं असं मार्गदर्शक सूचनांतच आहे. एका खोलीत गॅस आणि मुलं ही चूक सेविकेची नाही, तिला दिलेल्या जागेची आहे. हे वाक्य असंच लिहा.

आम्ही करायचं ते असं: आहार वाढण्याआधी स्वतः चव घेऊन नोंद करणं, जेवणाआधी साबणाने हात धुवून घेणं, दर महिन्याला वजन-उंची घेऊन मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये भरणं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येऊन मुलं तपासतं, जंतनाशक गोळीही वर्षातून दोनदा. तुमच्याकडे पथक शेवटचं कधी आलं ते ताईंना विचारून घ्या. आणि हो, जुलाब झालेल्या मुलांना ओआरएससोबत झिंकच्या गोळ्या पूर्ण १४ दिवस द्यायच्या असतात. आया तिसऱ्या दिवशी थांबवतात, कारण जुलाब थांबलेले असतात. तुमच्या मुलीच्या गोळ्या पूर्ण झाल्या का?

ओहोटी

आरोग्य विभागात आहे, फक्त पाण्याबद्दल बोलतो. छपराला महिने लागतील, पाण्याला उद्याचा दिवसही लावू नका.

टीसीएल पावडरचा, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरचा, डबा आधी बघा. आपल्याकडच्या दमट हवेत उघडा राहिला तर पावडर ढेकूळ धरते आणि तिचा क्लोरीन उडून जातो. क्लोरीन २० टक्क्यांच्या खाली गेला की ती पावडर टाकून उपयोग नाही. विहिरीचं पाणी मोजायला व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, आणि गुणिले ७८५. उत्तर लिटरमध्ये येतं. दर हजार लिटरला ५ ग्रॅम. बादलीत कालवून निवळी ओतायची, अर्धा-पाऊण तास थांबायचं, मग ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची चाचणी. पिवळी छटा आली तर क्लोरीन आहे. पावसाळ्यात हे जलसुरक्षकाने, म्हणजे पाण्याची देखभाल करणाऱ्या ग्रामपंचायतीच्या माणसाने, रोज करायचं काम आहे. पाणीपुरवठा ग्रामपंचायतीचा, त्यामुळे शुद्धीकरणाची जबाबदारीही तिचीच. ओटी चाचणीची वही असते, ती बघायला मागा. तोपर्यंत मुलांना पाणी उकळूनच.

सुरंगी (१८ जुलै)

सगळ्यांचे मनापासून आभार. मोगरीताई, आम्हीही गोळ्या पाचव्या दिवशी बंद केल्या होत्या. आज वाडीत सात घरी जाऊन सांगून आले, आशाताई सोबत होत्या.

ओहोटी, डबा बघितला. पावडर दगडासारखी झाली होती, चमच्याने फुटेना. जलसुरक्षक भला माणूस आहे, त्याने लगेच नवीन मागवली. आज संध्याकाळी माझ्यासमोर चाचणी केली, पिवळा रंग आला.

अर्ज लिहिलाय. जागेचं वाक्य मोगरीताईंचंच घातलंय. ताईंना वाचून दाखवला तेव्हा त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त कागद हातात धरून बसल्या.

आता एकच अडलंय. नवीन इमारतीसाठी पडक्या खोलीची जागा ग्रामपंचायतीच्या नावावर हवी, आणि सातबारावर अजून चौदा सहहिस्सेदार आहेत. नऊ जण मुंबईत.

खाजणकाठ

मग घाई नको आणि उशीरही नको. गणपती ७ सप्टेंबरला आहेत, चाकरमानी घरी येतील. बक्षीसपत्राचा (जागा मोफत देण्याच्या दस्ताचा) मसुदा आधी तयार ठेवा, वकिलाच्या नजरेखालून घाला. आरतीला सगळे एकत्र असतात, तेव्हा विषय काढा. सहीसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात सगळ्यांना यावं लागेल, नाहीतर दुसऱ्याला सहीचा अधिकार देणारं कुलमुखत्यारपत्र लागेल, त्यामुळे कोण कधी परतणार ते आत्ताच फोन करून विचारून ठेवा. आणि कुणाचं वारस नोंदणीचं काम राहिलं असेल तर ते आज तलाठ्याकडे घाला, तेच सगळ्यात जास्त वेळ खातं.

सुरंगी

दोन जणांची वारस नोंद राहिली आहे. उद्या सकाळच्या एसटीने तलाठी कार्यालयात जाते.