बोर्डो फवारले तर वाइन ‘नैसर्गिक’ राहते का?

दिंडोरीची_काडी
आमची एक एकर शेनिन ब्लाँक आणि दोन एकर शिराझची बाग वडील आणि काका मिळून पाहतात. दोन हंगामांपासून परवाना घेऊन आम्ही घरच्याच द्राक्षांची थोडी वाइनही करतो. जीवामृत आणि तागाचे आच्छादन सुरू केल्यापासून ओळीत फावडे मारले की गांडुळे दिसतात. मात्र गेल्या वर्षी गोडी छाटणीनंतर (फळ धरण्यासाठीची छाटणी) पाऊस लांबला, पानांवर डाऊनी (केवडा) रोगाचे तेलकट डाग दिसले आणि वडिलांनी कोणालाही न विचारता बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण, मारून टाकले. आता बाटलीवर ‘नैसर्गिक’ लिहिणे ही लबाडी ठरेल, असे काका म्हणतात. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का?

ओलांडा
काकांचा प्रामाणिकपणा मान्य आहे, परंतु रेघ त्यांनी चुकीच्या जागी ओढली आहे. बोर्डो हे मुळात वाइनवाल्यांचेच औषध. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्डे यांनी 1885 मध्ये ते फ्रान्समध्ये डाऊनीवरच प्रसिद्ध केले. फ्रान्सने 2020 मध्ये मान्य केलेल्या ‘व्हँ मेतोद नात्युर’ या चिन्हासाठी प्रमाणित सेंद्रिय द्राक्षे लागतात, आणि सेंद्रिय बागेत तांब्याला परवानगी असते, फक्त मोजून. युरोपातील मर्यादा सात वर्षांत हेक्टरी 28 किलो तांबे, म्हणजे सरासरी वर्षाला एकरी सुमारे 1.6 किलो आहे. मोरचुदात साधारण चौथा हिस्सा तांबे असते. एक टक्का बोर्डो (शंभर लिटरला एक किलो मोरचूद) एकरी 400 लिटर मारले, तर एकाच फवारणीत एक किलो तांबे पडते. वडिलांनी किती टक्क्यांचे मारले होते?

दिंडोरीची_काडी
एक टक्क्याचे, आणि तेही दोनदा.

मातीवाला
म्हणजे वर्षाची सरासरी तिथेच ओलांडली गेली. तांबे कुजत नाही, ते मातीच्या वरच्या थरात साचत जाते, आणि ज्या गांडुळांचे आपल्याला कौतुक आहे त्यांनाच पुढे ते बाधते. अर्धा टक्क्यावर या, बगलफुटी (पानांच्या बगलेतले कोंब) वेळेवर काढा आणि घडांभोवती वारा खेळू द्या. पान लवकर सुकले की डाऊनीला संधी कमी मिळते. शेजारच्या बागेतून उडत येणाऱ्या औषधाचाही विचार करा, कारण प्रमाणन घ्यायचे झाल्यास बांधालगतच्या ओळींचा प्रश्न हमखास निघतो.

ओलांडा
एक राहिले. त्या फ्रेंच चिन्हाखाली द्राक्षे हाताने तोडावी लागतात, बाहेरचे यीस्ट चालत नाही आणि सल्फाइट (वाइन टिकवणारे रसायन) लिटरला 30 मिलिग्रॅमच्या आत ठेवावे लागते. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात आम्लता झपाट्याने उतरते, पीएच चढतो आणि त्या पीएचला थोडे सल्फाइट पुरे पडत नाही. वाइन आंबूस होण्याची भीती तिथे आहे. म्हणून तोडणी पहाटे करा आणि शेनिनचा पीएच रोज मोजा. काकांना वाद घालायचाच असेल, तर तो टाकीपाशी घालावा.

दिंडोरीची_काडी
आभारी आहे. फवारणीची वही आता काकांकडे सोपवली आहे, आणि वडिलांनी कुरकुरत का होईना, त्यावर सही केली.