‘साध्या रक्ततपासणीने निदान’ : इथे ‘निदान’ चालेल का?

मंजिरी :
हाँगकाँगच्या प्रिन्स ऑफ वेल्स रुग्णालयात २००३ साली ८ए वॉर्डातून सार्स हा श्वसनाचा विषाणूजन्य आजार पसरला, त्यावर लिहितेय. रुग्णांच्या नेहमीच्या रक्ततपासणीत काही ठरावीक खुणा दिसत होत्या. मी ‘रक्ततपासणीवरून निदान’ असं लिहिलंय. संपादक म्हणतात, ‘छाननी’ करा. शिवाय ‘आउटब्रेक’ला प्रादुर्भाव म्हणू की उद्रेक?

लॅबवाला :
‘निदान’ अजिबात नको. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, विषाणू दिसत नाही, शरीरावर झालेला त्याचा परिणाम दिसतो. तिथल्या १३८ रुग्णांपैकी सुमारे ७० टक्क्यांच्या लिंफोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) कमी होत्या, ४५ टक्क्यांच्या प्लेटलेट उतरल्या होत्या, बहुतेकांचं एलडीएच (पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलेलं होतं. मग उरलेल्या ३० टक्क्यांना ‘निदान नाही’ म्हणून इतरांच्या शेजारी झोपवायचं? आणि प्लेटलेट डेंग्यूतही उतरतात. स्टिरॉइड चालू असलं तरी लिंफोसाइट कमी येतात. आम्ही लॅबमध्ये फार तर ‘व्हायरल वाटतंय’ म्हणतो. निदानाचा शब्द पीसीआरसाठी, म्हणजे विषाणूचा अंश थेट शोधणाऱ्या चाचणीसाठी, राखून ठेवा. माणसं या एका शब्दावर निर्धास्त होतात, म्हणून इतकं सांगतोय.

तुषार_प :
सहमत. पण ‘छाननी’ उमेदवारी अर्जांची होते. इथे ‘चाळणी’च हवी. कोविडच्या काळात ऑक्सफर्डच्या रुग्णालयांत इमर्जन्सीत आलेल्या रुग्णाच्या पहिल्या तासाभरातल्या नेहमीच्या रक्तचाचण्या आणि नाडी, ताप, ऑक्सिजन यांवरून संगणकाने अंदाज बांधायची पद्धत तयार झाली. तिचं खरं बळ ‘याला कोविड नसावा’ हे सांगण्यात होतं. पीसीआर येईपर्यंत कोणाला कुठल्या वॉर्डात ठेवायचं, हा प्रश्न तिथे सुटायचा होता. संशय नाही ते खाली, संशय आहे ते वर. चाळणीच ही.

मंजिरी :
आणि उद्रेक?

तुषार_प :
साथरोगाच्या सरकारी मराठीत ‘उद्रेक’ रुळलाय, चूक नाही. ‘प्रादुर्भाव’ म्हटलं की मला कपाशीवरची बोंडअळी आठवते. एका वॉर्डापुरतं असेल तर सरळ ‘वॉर्डात लागण पसरली’ लिहा.

मंजिरी :
मग असं करते : ‘वॉर्डात लागण पसरली असताना नेहमीच्या रक्ततपासणीतल्या लसिकापेशींची घट चाळणीसाठी सूचक ठरते.’

लॅबवाला :
‘लसिकापेशी’ हा शब्द शब्दकोशात राहू द्या. रिपोर्ट हातात घेतलेल्या माणसाला लिंफोसाइटच कळतं. ‘सूचक ठरते’ऐवजीही ‘संशय बळावतो’ लिहा : ‘वॉर्डात लागण पसरलेली असताना ताप आलेल्याच्या लिंफोसाइट कमी आल्या, तर संशय बळावतो, पीसीआर येईपर्यंत त्याला वेगळं ठेवावं.’