घराचा विमा एवढा स्वस्त कसा काय?

पंचगंगाकाठी: कोल्हापुरात ७०० चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट, बाजारभाव ४५ लाख आणि एजंटने कोटेशन दिलंय १५ लाखाच्या कव्हरचं, प्रीमियम अगदीच किरकोळ, काही गडबड तर नाही ना?

खडूस_काका: अहो जमिनीचा विमा नसतो, परत बांधायचा खर्च धरतात. फुटाला २२०० धरले तर १५ लाख ४०, म्हणजे थोडं वाढवून घ्या बास. भारत गृह रक्षा (घराच्या विम्याची ठरावीक पॉलिसी) आहे का बघा, त्यात पूर भूकंप असतोच, घर+सामान घेतलं तर सामानाला घराच्या कव्हरच्या २० टक्के आपोआप, कमाल १० लाख.

सांगलीची_सून: पण साधी घरफोडी नाही हं त्यात! पुरासारखं काही झाल्यावर ७ दिवसांत चोरी झाली तरच. दागिन्यांचं वेगळं.

पंचगंगाकाठी: सामान टाकलंच नाहीये त्याने, नुसतं बिल्डिंग लिहिलंय 😡 विचारतो उद्या