'सकस' कविता म्हणजे नेमकी कशी?

प्रश्न : आजच्या कवितेवरच्या लेखांत 'सकस' हे विशेषण सारखं भेटतं. 'कसदार'पेक्षा ते वेगळं आहे का? आणि अशी कविता वाचायला मिळते कुठे?

प्रतिसाद : दोन्हींत 'कस' आहेच. संस्कृतात 'कष्' म्हणजे घासणे. त्यावरूनच 'निकष', सोनं घासून पाहायचा दगड. मराठीत जमिनीला कस असतो, माणसाचा कस लागतो. वापरात मात्र 'सकस' जास्त करून आहाराला, चाऱ्याला लावतात. 'कसदार' जमिनीला, अभिनयाला, लेखनाला. म्हणून कवितेला मी 'कसदार' म्हणेन.

प्रतिसाद : छटा मान्य. माझा आक्षेप वेगळा आहे. शब्दातच घासून पाहणं आहे, आणि परीक्षणांत नेमकं तेच होत नाही. 'सकस, आशयघन, तरल' असं लिहितात, पण कवितेची एक ओळही देत नाहीत. कोणता शब्द काढला तर कविता ढासळते, मुक्तछंदात ओळ तिथेच का तोडली, हे दाखवा ना! विषय गंभीर म्हणून कविता चांगली होत नाही. दुष्काळावरची कविताही ढिली असू शकते. आणि त्या काळच्या लोकांना रुचली नाही म्हणून ती वाईटही ठरत नाही. कवी बा. सी. मर्ढेकरांचा 'काही कविता' हा संग्रह 1947 साली आला आणि त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. ते निर्दोष सुटले. नवकवितेची, म्हणजे मराठीतल्या आधुनिकतावादी कवितेची, चर्चा आज त्यांच्यापासूनच सुरू होते.

मिळण्याचं म्हणाल, तर नियतकालिकांपासून सुरुवात करा. नवकविता छापणारं 'सत्यकथा' मासिक 1982 साली बंद पडलं, पण 1985 साली पुरुषोत्तम पाटलांनी धुळ्याहून खास कवितेसाठी 'कविता-रती' सुरू केलं. नव्वदोत्तरी, म्हणजे 1990 नंतरच्या कवींसाठी 'अभिधानंतर', 'शब्दवेध', 'खेळ' यांचे जुने अंक धुंडाळा; विद्यापीठाच्या किंवा गावातल्या जुन्या ग्रंथालयात चौकशी करा. दिवाळी अंकांत कविता भरपूर असतात, तिथे संपादक कोण ते आधी पाहावं. फेसबुकवर कवी थेट भेटतो, पण मधे निवड करणारं कुणी नसतं, तेव्हा पारखायचं काम वाचकाचंच.

प्रश्नकर्ता : मग फसलेल्या कवितेला 'निकस' म्हणता येईल?

प्रतिसाद : येईल, शब्द रूढ आहे. 'निकष'शी मात्र गल्लत नको. आणि अट तीच : निकस म्हणताना ओळही दाखवायची.