विषय: आईचा डीएस-१६० (अमेरिकेच्या व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म), माहेरचं नाव राहिलंय (तातडीचं)

मंडळी,
आई-बाबांची मुंबईत बीकेसीच्या अमेरिकन वकिलातीतली मुलाखत पुढच्या गुरुवारी, बोटांचे ठसे मंगळवारी. एजंटने आईच्या फॉर्मवर ‘याआधी दुसरं नाव वापरलं आहे का’ याला ‘नाही’ ठोकून सबमिट करून टाकलंय. लग्नात कुसुमची सुनंदा झाली, आडनावही बदललं. शाळेच्या दाखल्यावर जुनंच नाव. नवा फॉर्म भरला तर स्लॉट जाईल का? अप्पा, तुमची कागदपत्रांची यादी परत पाठवता का?
– मेघना

---

यादी जोडली आहे. आय-१३४ (खर्चाची हमी देणारा फॉर्म) पाठवायला विसरू नये. सोबत तुझे टॅक्स रिटर्न आणि पगाराच्या स्लिपा.
– अप्पा

---

अप्पा, तिने विचारलंय काय! शिवाय व्हिजिटर व्हिसाच्या अर्जाला आय-१३४ किंवा निमंत्रणपत्र लागत नाही, हे दूतावासानेच लिहिलंय. अधिकारी बघतो ते अर्जदाराचं भारतातलं बस्तान. २१४(बी) कलमाखाली नकार येतो तो त्यावरून, मुलीचा पगार किती यावरून नाही.

मेघना, सबमिट झालेल्या फॉर्मवर खाडाखोड होत नाही, नवाच करावा लागतो. जुन्या फॉर्मचा ‘एए’ने सुरू होणारा नंबर, आडनावाची पहिली पाच अक्षरं, जन्मवर्ष आणि सुरक्षाप्रश्नाचं उत्तर टाकलं की बरीचशी माहिती आयती येते. ते उत्तर एजंटने स्वतःच्या मनाने दिलेलं असतं, आधी ते काढून घे. दुसऱ्या नावात माहेरचं आडनाव वेगळ्या रकान्यात, ‘कुसुम’ आणि वडिलांचं नाव गिव्हन नेम्समध्ये. मधल्या नावाला वेगळी जागा नाही. वीस मिनिटं हात लावला नाही तर सेशन बंद पडतं, पानागणिक सेव्ह कर.

मग अपॉइंटमेंटच्या प्रोफाइलमध्ये जाऊन फक्त नंबर बदलायचा. स्लॉट रद्द करू नको! फॉर्मच्या कन्फर्मेशनवरचा बारकोड अपॉइंटमेंटशी जुळला नाही तर दारातून परत पाठवतात. हे मंगळवारच्या आत.
– सुधाताई

---

एवढी धावाधाव कशाला? खिडकीवर तोंडी सांगितलं तरी भागतं. मुंबईत मुलाखत मराठीतूनही देता येते. लग्नाचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र जवळ असलं म्हणजे झालं.
– नीलेश

---

नीलेश, माहिती खरी असल्याची सही आईची आहे, एजंटची नाही. शेवटच्या पानावर ‘फॉर्म भरायला कोणी मदत केली का’ असंही विचारतात. एजंट मंडळी तिथेही स्वतःला वगळून ‘नाही’ करतात. नवा भरताना तेही नीट कर. मदत तू केलीस तर तुझं नाव.
– सुधाताई

---

प्रोफाइल नंबर बदलू देत नसेल तर? तारीख पुढे ढकलावी का?
– मेघना

---

शक्यतो नको. भारतात १ जानेवारी २०२५ पासून फुकटात एकदाच तारीख बदलून मिळते. त्यानंतर फी पुन्हा, माणशी १८५ डॉलर. अपॉइंटमेंटच्या साइटवरूनच मदतकक्षाला लिही, जुना-नवा दोन्ही नंबर आणि पासपोर्ट नंबर देऊन. आणि जाताना दोन्ही कन्फर्मेशनच्या प्रती ठेव.
– नीलेश

---

आय-१३४ माझ्या यादीतून निघणार नाही. वर ‘ऐच्छिक’ लिहितो फार तर. ज्यांना यादी पटत नाही त्यांनी आपली वेगळी करावी.
– अप्पा

---

यादी मंडळाच्या फोल्डरमध्ये टाकू या का? म्हणजे दर उन्हाळ्यात हीच मेलामेली नको. त्यात आई-बाबांच्या प्रवासातल्या आरोग्य इन्शुरन्सचंही घाला. ‘प्री-एग्झिस्टिंग (आधीचे आजार) कव्हर्ड’ म्हणून विकतात, आत बघावं तर फक्त ‘अ‍ॅक्यूट ऑनसेट’ (जुना आजार अचानक उफाळला तरच), त्यालाही वयाची अट. बीपीच्या नेहमीच्या गोळ्या त्यात बसत नाहीत.
– सचिव

---

फोल्डरमध्ये टाका, पण बदल मला विचारून.
– अप्पा

---

मेघना, बाबांचाही फॉर्म उघडून बघ. एजंट एकच ना? जोडीदाराच्या पानावर आईचं नाव आणि जन्मतारीख येते. जन्मतारीख एकीकडे दाखल्यावरची, दुसरीकडे पासपोर्टवरची, असं सर्रास होतं. दोन्हीकडे पासपोर्टवरचीच हवी.
– सुधाताई