आषाढ सोडून: पन्हाळा ते पावनखिंड, दसऱ्यानंतरची वाट (अनुभव सांगा)

पन्हाळा–पावनखिंड म्हटलं की सगळ्यांना जुलैच आठवतो. साहजिक आहे. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज निसटले ते १६६० च्या जुलैत, भर पावसाच्या रात्री, त्यामुळं मोहिमाही तेव्हाच निघतात. रेनकोट, चिखल, जळवा, घोषणा. पण हीच पन्नासेक किलोमीटरची वाट दसरा-दिवाळीच्या दरम्यान दोस्तांबरोबर चाललेले आपल्यात बरेच आहेत आणि ते कुठं लिहीत नाहीत. हा धागा त्यांच्यासाठी. वेळापत्रक आणि खर्चाचा हिशोब नको, काय झालं ते सांगा.

सुरुवात मीच करतो. आम्ही चौघं, एकाच गल्लीतले, चाळिशीच्या अलीकडं-पलीकडं. जुलैत तीनदा केलेली वाट, म्हणजे पाठच आहे असा समज. पन्हाळ्याच्या राजदिंडी दरवाजातून उतरलो, तुरुकवाडी, म्हाळुंगे करत साडेनऊला मसाई पठारावर. पावसाळ्यात इथं धुक्यात पुढच्याची सॅक दिसली तरी नशीब. आता पार टोकापर्यंत उघडं पठार, आणि तेच जड गेलं. धुक्यात किती चालायचं राहिलंय ते कळत नाही, म्हणून माणूस चालतो. इथं सगळं समोर मांडून ठेवलेलं आणि काही केल्या सरत नाही. जांभ्याचा कातळ तापलेला, सावली म्हणावी तर मसाईदेवीच्या देवळापाशी. जुलैत ज्या ओढ्यात एकमेकांचे हात धरून उतरलो होतो तिथं नुसत्या धोंडी. पाणी माणशी एक लिटर घेतलेलं, कारण 'वाटेत ओढे आहेत की'. बाटलीबंद सोडून दुसरं पाणी न पिणारा आमचा एक गडी कुंभारवाडीत एका आजींच्या तांब्यानं तीनदा प्याला. तेव्हापासून माणशी तीन लिटर, त्यावर चर्चा नाही.

बँकेतली, राजारामपुरी

आम्ही पाचजणी शाळेपासूनच्या. (कोल्हापूरची आहे, 'मी गेलो, मी आलो' असंच लिहिणार. पुण्याच्या नणंदेनं हसू नये.)

माझे बूट चांगले, महागातले. सहा वर्षांपूर्वी घेतले, दोनदा घातले आणि माळ्यावर ठेवले. तिथंच चुकलं, पण ते नंतर कळलं. बूट न वापरता नुसते ठेवले तरी दमट हवेनं तळव्याचा फोम आतनं कुजतो. वरनं नवा दिसतो, चालायला लागलं की बिस्किटासारखा भुगा होतो. करपेवाडीच्या अलीकडं उजव्या पायाखाली काहीतरी फडफडायला लागलं. बघतो तर तळवा जीभ काढून बसलाय. आधी क्रेप बँडेज गुंडाळलं, मग एकीच्या ओढणीची नाडी, मग भाताच्या पेंढ्या बांधणाऱ्या एका मामांकडनं सुतळी. अर्ध्या तासात डावाही गेला.

पुढच्या वाडीत एक मावशी भात वाळत घालत होत्या. त्यांनी माझ्या पायाकडं बघितलं, आत गेल्या आणि आपली निळी स्लिपर आणून समोर टाकली. "घाल की. मला खळ्यावर काय करायचीय?" मी पैसे काढले तर रागावल्या. "चप्पल इकती व्हय मी?" त्या स्लिपरवर मी पांढरपाण्यापर्यंत आलो. एकदाही पडलो नाही, आणि बाराशेची काठी घेतलेली आमची मैत्रीण दोनदा पडली.

दिवाळीनंतर नवी चप्पल आणि साडी घेऊन परत जायचं ठरलं होतं. दोन दिवाळ्या झाल्या. निळी स्लिपर अजून दारामागं आहे.

कोजागरीवाला

२०२३ ची कोजागरी. २८ ऑक्टोबर, शनिवार. पूर्ण वाट नाही, रात्री पठारापर्यंतच जायचं, दूध आटवायचं आणि पहाटे पुढं निघायचं. केशर, बदाम, चारोळी, छोटा गॅस, चार लिटर दूध, सगळं पाठीवर. दूध तापायला लागल्यावर एकाच्या आईचा फोन: आज ग्रहण आहे, काही पिऊ नका. रात्री एकच्या पुढं खरंच चंद्रग्रहण होतं, खंडग्रास. आमच्यात दोन तट पडले. निम्म्यांनी सुतक मानलं, निम्म्यांनी दूध. चंद्राचा एवढासा टवका गेला, उंदरानं कुरतडल्यासारखा, आणि सव्वा तासात परत भरला. अडीचला सुतकवाले भांड्यापाशी आले तेव्हा आम्ही तळ खरवडत होतो. एक जण अजून बोलत नाही नीट.

कुसळांबद्दल एक

जळवांवर सगळे लिहितात, कुसळांवर कोणी नाही. ऑक्टोबरच्या शेवटी गुडघाभर गवत वाळतं आणि त्याची टोकं मोज्यात शिरतात. कुसळाला मागं वळलेले बारीक केस असतात, त्यामुळं ते पुढंच सरकतं. बाहेरनं धरून ओढलं की निम्मं तुटून आत राहतं. मोजा उलटा करायचा आणि टोकाच्या बाजूनं, आतनं खेचायचं. आंबर्ड्यात पारावर बसून आम्ही सहाजण अर्धा तास हेच करत होतो, एकमेकांच्या पाठीवरचीसुद्धा. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "उवा बघताय काय?"

त्याच वाटेवरच्या वाडीचा, नोकरीला शिरोली एमआयडीसी

सगळ्यांचं वाचलं, बरं वाटलं. आता आमच्या बाजूनं जरा ऐका. तुम्ही येता ते दिवस आमच्या सुगीचे. घरात कोण नसतंय. भात कापून आडवं टाकलेलं असतंय, फोटोसाठी त्यात शिरू नका, दाणं झडत्यात. बांधावरनं चाला, पण एकामागनं एक. चौघं हातात हात घालून बांधावरनं चालायचं नसतं. जेवण पाहिजे असलं तर आदल्या दिवशी फोन करा. दुपारी एक वाजता दहाजणांनी येऊन "मावशी, पिठलं-भाकरी मिळेल का" म्हटल्यावर त्या नाही म्हणत नाहीत, आणि रानातलं काम तसंच राहतंय.

आणि रात्रीचं चालणं. गवा कळपानं उतरतोय, म्हणून आमची माणसं रानातल्या माळ्यावर जागत बसत्यात. अंधारात काय तरी सळसळलं की पहिला डबाच बडवत्यात. मागच्या साली माझ्या चुलत्यानं असंच एका घोळक्याला पळवून लावलं. सकाळी बांधावर एक पॉवर बँक आणि चिवड्याची पिशवी घावली.

वरच्याला उत्तर

दादा, तो घोळका आमचाच. डोक्यावरच्या बॅटऱ्या विझवून चांदण्यात चालायची आयडिया माझी. पॉवर बँक काळ्या रंगाची, कोपरा फुटलेला. चिवडा राहू दे.

विजेबद्दल, थोडक्यात

परतीच्या पावसाला हलक्यात घेऊ नका. सकाळी निरभ्र, दुपारी तीनला ढग चढले आणि आम्ही मसाईवर भर मध्यात. उघड्या पठारावर सगळ्यात उंच वस्तू आपणच. काठ्या बाजूला टाकल्या, एकमेकांपासून लांब झालो आणि वाकून, पळत कडेच्या उतारावरनं खाली आलो. झाडाखाली थांबलो नाही, हे एक शहाणपण सुचलं. तेव्हापासून पठार दुपारच्या आत पार करायचं, ते नसेल जमत तर पन्हाळ्यावरच मुक्काम.

निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ

आम्ही तिघं मित्र, तिघांचंही वय साठीपुढचं. तीन दिवस घेतले, लाजायचं काय त्यात. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी रिंगेवाडीत एका अंगणातून रस्ता विचारत चाललो होतो. पोरांनी दिवाळीचा किल्ला केला होता, पण नेहमीसारखा एक नाही. अंगणाच्या एका टोकाला पन्हाळा, दुसऱ्या टोकाला विशाळगड, आणि मधली सगळी वाट मातीची. मोहरी पेरून रान केलेलं, मोरीचं पाणी जायची चर म्हणजे कासारी नदी, दोन विटांच्या मध्ये खिंड, आणि खिंडीत एकच मावळा, दोन्ही हातांत तलवारी. बाकीचे मावळे कुठायत विचारलं, तर म्हणे, "ते फुडं गेलं महाराजांसंगं."

आमचा मित्र, इतिहासाचाच मास्तर, वाकून वाडीन् वाडी तपासायला लागला. पांढरपाणी आहे, म्हसवडे आहे, पण मसाई पठार काय त्याला दिसेना. तेवढ्यात सगळ्यात लहान पोरगी ओरडली, "ओ आजोबा, मसाईवर उभा हाय तुम्ही!"